हँडल खाली आहे, मिस्टर काका

सुमनकाकू, मृणाल, आणि आज ओहायोतल्या डब्लिनच्या या हॉलमध्ये जमलेल्या सगळ्यांनो,

मला बोलायला सांगितलं तेव्हा मी आधी नाही म्हटलं होतं. मी बोलणारी नाही, लिहिणारी आहे. रोज झोपण्यापूर्वी एक पान डायरी लिहिते, तेवढंच. म्हणून आज कागद हातात घेऊन उभी आहे. मध्येच अडले तर जरा थांबा माझ्यासाठी.

अर्ध्या तासापूर्वी इथे काय झालं ते तुम्ही सगळ्यांनी पाहिलं. चहाच्या दोन्ही मोठ्या विजेच्या किटल्या एकाच भिंतीतल्या सॉकेटना लागल्या आणि ब्रेकर उडाला. अर्धे दिवे गेले. कुणीतरी विचारलं, "पॅनल कुठे आहे रे?" कुणालाच माहीत नव्हतं. या हॉलमध्ये आत्ता निदान तीस इंजिनियर बसले असतील. आणि आपण सगळ्यांनी काय केलं? आपण दाराकडे बघितलं. काका येतील म्हणून.

मी बघितलं दाराकडे. तुमच्यापैकी किती जणांनी बघितलं, ते मी विचारत नाही.

गणपती असो, दिवाळी असो, यशवंतकाका तासभर आधी यायचे. नाटकाचा पडदा लागायच्या आधी, फुलं यायच्या आधी. हातात टेस्टर आणि खांद्यावर ती केशरी एक्स्टेन्शन कॉर्ड. "ही किटली या भिंतीला. ती त्या भिंतीला. आणि समोशांचा वॉर्मर बाहेरच्या पॅसेजमध्ये. कोण हलवतंय बघतो मी." आपण हसायचो. मीसुद्धा हसायचे. एकदा तर मी म्हटलंही, "काका, लेबल लावून टाका ना, म्हणजे तुम्हाला यावं लागणार नाही." ते म्हणाले, "लेबल वाचतं कोण अनघा? मलाच यावं लागणार."

ज्यांना काका फक्त असे माहीत आहेत, त्यांना थोडं सांगते. काका आधी महाराष्ट्रात वीज मंडळात ज्युनियर इंजिनियर होते, एका तालुक्याच्या गावी. मग इकडे आले आणि निवृत्त होईपर्यंत ओहायोतल्या एका सिरॅमिकच्या कारखान्यात भट्ट्यांची वीज सांभाळली. मोठ्या, खोलीएवढ्या भट्ट्या. मी त्यांच्या नात्यातली नाही. आमचं घर त्यांच्या मागच्या गल्लीत. एवढंच.

पण गेली तीन वर्षं दर शनिवारी सकाळी नऊ वाजता मी त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी बसलेली असायचे. त्याबद्दल मला आज बोलायचंय. आणि त्यात माझी एक चूक आहे, तीही सांगायची आहे. ती सांगितल्याशिवाय काकांविषयी चांगलं बोलायचा मला अधिकार नाही, असं मला वाटतं.

माझी नोकरी खरेदीची. आमची कंपनी घरात लागणाऱ्या वस्तू विकते. कप, बाऊल, फुलदाण्या. मी त्या वेगवेगळ्या देशांतल्या छोट्या कारखान्यांकडून घेते. त्यातला एक कारखाना युक्रेनमध्ये आहे. ओक्साना नावाची बाई तो चालवते, माझ्याच वयाची. मातीचे कप आणि मोठ्या सुरया करतात, निळसर झिलईच्या. चाकं, वाळवण्याचे रॅक आणि विजेवर चालणाऱ्या दोन भट्ट्या. काम करणाऱ्या जवळजवळ सगळ्या बायका. पुरुष आघाडीवर.

तीन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात तिथल्या वीजकेंद्रांवर हल्ले सुरू झाले. आपण बातम्यांत बघायचो, आठवतंय ना? पेटलेलं सबस्टेशन, काळोखातलं शहर. मग आपण चॅनेल बदलायचो. मला बदलता येत नव्हतं, कारण माझी ऑर्डर अडकली होती. हे मी मुद्दाम अशा शब्दांत सांगतेय. माझ्या डायरीत त्या आठवड्याची पहिली नोंद 'ऑर्डर लेट होणार' अशी आहे. 'ओक्साना कशी असेल' ही दुसरी.

तिच्याकडे वीज यायची चार तास आणि जायची सात तास. कधी वेळापत्रकाप्रमाणे, कधी नाही. आणि भट्टीला लागतात दहा-बारा तास. वीज अर्ध्यात गेली की आतला सगळा माल वाया. कपांवर फोड येतात, झिलई खरखरीत होते. ओक्सानानं मला तसा एक कप व्हिडिओ कॉलवर दाखवला. बोटानं वाजवून दाखवला. आवाज बसलेला होता. ती म्हणाली, "हा असा माल मी तुला पाठवणार नाही. पण दुसरा माझ्याकडे नाही."

माझ्या बॉसनं सांगितलं, दुसरा सप्लायर बघ. मी महिनाभर मुदत मागितली आणि त्या रविवारी काकांच्या दारात जाऊन उभी राहिले. "काका, तुम्हाला भट्ट्यांमधलं कळतं ना?"

काका म्हणाले, "भट्ट्यांमधलं कळतं. आणि लोडशेडिंगमधलंही कळतं. आत ये."

तिथून ते शनिवार सुरू झाले. आमचे सकाळचे नऊ, तिचे दुपारचे चार. काकू पोहे करायच्या. लॅपटॉप पोळपाटावर ठेवायचा, कारण काकांना स्क्रीन उंच हवी असायची. ओक्सानाला वाटलं 'काका' हेच त्यांचं नाव. ती पहिल्या दिवसापासून म्हणायला लागली, "गुड मॉर्निंग, मिस्टर काका." मी दुरुस्त करायला गेले तर काकांनी हातानं मला थांबवलं. "राहू दे गं. बरं वाटतंय ऐकायला."

पहिल्या शनिवारी काकांनी तिला काय सांगितलं असेल? जनरेटर घे, बॅटरी घे? नाही. ते म्हणाले, कागद घे आणि तीन याद्या कर. एक, काय थांबलं तरी चालेल. दोन, काय थांबून चालणार नाही. आणि तीन, काय सुरू केलं की मध्येच थांबवता येत नाही. "तिसरी यादी सगळ्यात आधी कर," म्हणाले. "लोक दुसरीतच अडकतात."

मृणाल, त्यांची मुलगी, त्या दिवशी तिथेच होती, शिकागोहून आलेली. ती म्हणाली, "बाबा, दे आर इन अ वॉर. दे डोन्ट नीड होमवर्क."

काका म्हणाले, "युद्धातच होमवर्क लागतो बाळा. एरवी कोण करतंय?"

ओक्सानानं याद्या केल्या. तिसऱ्या यादीत एकच गोष्ट निघाली, भट्टी. बाकी सगळं थांबू शकत होतं. मग सगळं कामच त्या एका गोष्टीभोवती फिरवलं. चाकं खिडक्यांपाशी आणली, म्हणजे दिव्याशिवाय काम होईल. दोन चाकांना पायानं फिरवायची जुनी सोय होती, ती परत जोडली. मोठ्या सुरया बंद, फक्त छोटे कप. पातळ, कारण पातळ लवकर भाजतात. मोठी भट्टी बंद, छोटी चालू. तिच्या बाहेरून उष्णता धरून ठेवणारं जाड अस्तर गुंडाळलं. काकांनी तिला शिकवलं की पहिल्या चार तासांत भट्टी कुठपर्यंत चढवायची, वीज जायच्या आधी भोकं कशी बुजवायची, आणि वीज आल्यावर परत कुठून सुरू करायचं. "मध्ये उघडून बघायचं नाही," हे ते दर वेळी सांगायचे. "कितीही वाटलं तरी नाही." ओक्साना म्हणायची, "मिस्टर काका, तुम्ही सैन्यात होता का?" काका म्हणायचे, "नाही. वीज मंडळात होतो. आम्हाला शत्रू नव्हते, फक्त ग्राहक होते."

पंपासाठी, झिलई फवारायच्या मशीनसाठी आणि इंटरनेटसाठी तिनं एक छोटा डिझेल जनरेटर आणला. आणि तिथे काका अडून बसले.

आता एक गोष्ट समजावून सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. बाहेरची वीज गेलेली असताना तुम्ही जनरेटर सरळ भिंतीतल्या सॉकेटला जोडला तर काय होतं? तुमच्या घरात दिवे लागतात. पण ती वीज घरातच थांबत नाही. ती तारांवरून उलटी बाहेर जाते, रस्त्यावरच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये शिरते, आणि तिथून हजारो व्होल्ट होऊन लाइनवर चढते. आणि त्या लाइनवर त्या वेळी कोण असतं? ती दुरुस्त करणारा माणूस. लाइन बंद आहे असं समजून हात लावणारा.

हे होऊ नये म्हणून एक स्विच असतो, चेंजओव्हर. त्याला एक हँडल असतं. वर केलं की बाहेरची वीज, खाली केलं की जनरेटरची. दोन्ही एकदम कधीच नाही. साधी गोष्ट आहे.

काका म्हणाले, "चेंजओव्हर बसव, अनघाच्या फोनवर फोटो पाठव, मग पुढचं बोलू. तोपर्यंत नाही." मी त्यांना इतकं कडक बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

त्यानंतरच्या बुधवारची गोष्ट. मी ऑफिसमध्ये होते, मीटिंगला जायच्या घाईत. शुक्रवारपर्यंत एक भट्टी निघाली नसती तर ती ऑर्डर गेली असती. ओक्सानाला काकांकडून पुढच्या सूचना हव्या होत्या. तिनं मला लिहिलं होतं की इलेक्ट्रिशियन उद्या येतोय, उद्या बसवेल. काकांचा फोन आला.

"अनघा, बसवला का तिनं चेंजओव्हर?"

मी म्हटलं, "हो."

"फोटो आला?"

मी म्हटलं, "पाहिलाय मी, काका."

पाहिलाय मी. मी पाहिला नव्हता. फोटोच नव्हता. मला वाटलं, एका दिवसाचा तर प्रश्न आहे. उद्या बसेलच. काकांनी माझ्यावर विश्वास ठेवला आणि सूचना सांगितल्या. मी त्या मीटिंगच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतल्या आणि दुपारी पाठवल्या. भट्टी निघाली. माल वेळेवर रवाना झाला. माझ्या बॉसनं मला 'गुड जॉब' म्हटलं. त्या दिवशीच्या डायरीत मी ते लिहिलंय. 'पाहिलाय मी' हे मात्र लिहिलेलं नाही. मी शोधलं. रोज लिहिणाऱ्या बाईनं नेमकं तेवढंच लिहिलं नाही.

इलेक्ट्रिशियन आलाच नाही. त्याला सबस्टेशनच्या दुरुस्तीवर नेलं होतं. त्यानंतरच्या पहिल्या शनिवारी तिकडे नेटवर्क नव्हतं, कॉल झाला नाही. दुसऱ्या शनिवारी ओक्साना फोन हातात घेऊन आम्हाला भट्टी दाखवत कारखान्यातून चालत होती. काका पुढे वाकले.

"थांब. मागे जा. ती पिवळी वायर कुठे जाते?"

ती वायर खिडकीतून आत येत होती आणि भिंतीतल्या सॉकेटमध्ये शिरत होती. बाहेर जनरेटरचा आवाज येत होता.

काका इंग्रजीत, अगदी हळू म्हणाले, "ओक्साना, जनरेटर बंद कर."

"दहा मिनिटं, मिस्टर काका. पंप चालू आहे."

"आत्ता. प्लीज. आत्ता."

तिनं बंद केला. स्क्रीन काळी झाली, कारण तिचं इंटरनेटही त्याच्यावरच होतं.

स्वयंपाकघरात आम्ही तिघं. काकूंनी गॅस बंद केला. काकांनी माझ्याकडे बघितलं. "तू फोटो पाहिला होतास ना?"

मी लॅपटॉप बंद केला. ते उठले, आपली बशी धुतली आणि आतल्या खोलीत गेले. काकू म्हणाल्या, "पोहे खाऊन जा." मी तशीच निघाले.

माझ्या त्या 'पाहिलाय मी'पासून जनरेटर बंद होईपर्यंत किती दिवस गेले, ते मी नंतर डायरीतल्या तारखांवरून मोजलं. मनात मी दहा दिवस धरून चालले होते. दहा नव्हते, अकरा होते.

पुढचा आठवडा मी त्यांना फोन केला नाही. हिंमत झाली नाही. शुक्रवारी त्यांचाच आला. "दुपारी वेळ आहे का? हार्डवेअर स्टोअरला जायचंय. मला मृणालनं ड्राइव्ह करायला बंदी केलीय." मी गेले. त्यांनी काय घ्यायचंय ते सांगितलं नाही. पार्किंगमध्ये गाडी थांबवली तर ते उतरेनात. आणि समोरच्या काचेतून बाहेर बघत बोलायला लागले.

आता मी जे सांगणार आहे, ते काकूंना विचारून सांगतेय. या मंगळवारी मी त्यांच्याकडे गेले होते. म्हटलं, हे सगळ्यांसमोर बोलू का? काकू म्हणाल्या, "सांग. लग्न ठरलं तेव्हा त्यांनी मला सांगितलं होतं. म्हणाले होते, हे ऐकून नाही म्हणायचं असेल तर म्हणा. त्यानंतर पन्नास वर्षांत एकदाही नाही." 

काका तेव्हा चोवीस वर्षांचे होते. त्या तालुक्याच्या गावी एक लाइन दुरुस्त करायची होती. दुपारची वेळ. लाइन बंद करायची आणि लाइनमनला लेखी परवानगी द्यायची, त्याला 'लाइन क्लिअर' म्हणतात. ती सही काकांची. त्या लाइनवर गावातलं सिनेमा थिएटर होतं आणि थिएटरचा स्वतःचा जनरेटर होता. सही करायच्या आधी काकांनी थिएटरच्या मॅनेजरला विचारलं, "चेंजओव्हर आहे ना?" तो म्हणाला, "आहे साहेब." आणि तो होताही. पण आठवड्यापूर्वी बिघडला म्हणून काढून ठेवला होता आणि वायरी सरळ जोडल्या होत्या. थिएटर रस्त्याच्या पलीकडे होतं. काका मला म्हणाले, "रस्ता ओलांडायचा होता अनघा. चाळीस पावलं. ऊन होतं म्हणून मी गेलो नाही."

काकांनी सही केली. लाइनमन वर चढला. त्याचं नाव तुकाराम. खांबावर आपल्या बाजूनं अर्थिंगची साखळी टाकायची असते, म्हणजे चुकून वीज आलीच तर ती जमिनीत जाते; तीही त्या दिवशी घाईत राहिली. तीनचा खेळ सुरू झाला आणि मॅनेजरनं जनरेटर लावला.

काका म्हणाले, "आम्ही त्याला खाली उतरवत होतो, तेव्हा थिएटरमधलं गाणं रस्त्यापर्यंत ऐकू येत होतं. खेळ शेवटपर्यंत चालला. कुणी आत जाऊन सांगितलंच नाही."

मंगळवारी मृणालनं हे पहिल्यांदा ऐकलं. ती फक्त एवढंच म्हणाली, "सो दॅट्स व्हाय. बाबा नेव्हर केम टु द मूव्हीज विथ अस." 

गाडीत मी रडत होते. मी म्हटलं, "काका, मला माफ करा."

ते म्हणाले, "मी कोण माफ करणार? माफी मागायची तर त्या खांबावर जो चढतो त्याची माग. त्याचं नाव माहीत आहे तुला?"

मला माहीत नव्हतं.

"आणि तुझ्यावर मी रागावू कसा?" ते म्हणाले. "मला मॅनेजरनं सांगितलं, आहे. मला तू सांगितलंस, पाहिलाय. दोन्ही वेळी मी विचारलं आणि दोन्ही वेळी मी बघितलं नाही. पन्नास वर्षांत मी तरी काय शिकलो?"

मंडळी, मी खोटं बोलले होते. आणि ते माझ्या खोट्याचा अर्धा वाटा स्वतःकडे घेत होते. तो त्यांचा नव्हता. मी तेव्हा हे म्हणू शकले नाही, आज म्हणते. काका, तो वाटा तुमचा नव्हता.

मग आम्ही स्टोअरमध्ये गेलो. त्यांनी जे घेतलं, ते माझ्या घरासाठी होतं. त्या वर्षीच्या वादळानंतर आम्ही जनरेटर घेतला होता, तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी घेतला तसा. माझ्या गॅरेजच्या पॅनलवर बसवायची एक पट्टी होती, तिच्यामुळे बाहेरच्या विजेचा आणि जनरेटरचा असे दोन्ही स्विच एकदम वर होऊच शकत नाहीत. ती त्यांनी इलेक्ट्रिशियनला बोलावून, समोर उभं राहून बसवून घेतली. मग माझ्या हातानं दहा वेळा वर-खाली करायला लावली. माझा नवरा म्हणाला, "काका, कळलं तिला." काका म्हणाले, "तिला कधीच कळलंय. मी हाताला शिकवतोय."

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. मी ओक्सानाला सगळं सांगितलं. मी खोटं बोलले होते हेही. ती म्हणाली, "ती वायर वाईट आहे हे मलाही माहीत होतं. मीही स्वतःला म्हणत होते, एकच दिवस." मग मी विचारलं, "तुमच्या गल्लीतल्या खांबावर कोण चढतं?" ती म्हणाली, दोघं जण येतात. त्यातला एक मिकोला. तिच्याकडे चहा प्यायला थांबतो, हात शेकायला. त्या अकरा दिवसांत ते एकदा येऊन गेले होते, गुरुवारी. गुरुवारी जनरेटर बंद होता. का बंद होता? डिझेल संपलं होतं म्हणून.

मिकोला नावाच्या माणसाला डिझेल संपल्यानं वाचवलं. मी नाही. ओक्सानानंही नाही. 

चेंजओव्हर त्या आठवड्यात बसला. आणि त्या दिवसापासून दर शनिवारी कॉल सुरू झाला की काकांचा पहिला शब्द, "दाखव." ओक्साना फोन घेऊन भिंतीपाशी जायची, हँडल दाखवायची आणि म्हणायची, वर आहे, मिस्टर काका. किंवा, खाली आहे, मिस्टर काका. मग "गुड मॉर्निंग." मग भट्टी.

सगळं नीट झालं असं मी सांगणार नाही. कंपनीनं ऑर्डर कमी केली. मी मोठ्या सुरयांसाठी भांडले, हरले. तिथल्या काही बायका पोलंडला निघून गेल्या. एकीचा नवरा परत आला नाही. पण छोटे कप अजून निघतात. कारखाना अजून सुरू आहे. वीज असेल तेव्हा भट्टी, नसेल तेव्हा खिडकीपाशी चाक. काकांच्या तीन याद्या तिथे भिंतीवर आहेत, युक्रेनियन लिपीत.

आता शेवटचं.

काका गेले गुरुवारी. दोन दिवसांनी शनिवार आला. ओक्सानाला कळवायचं होतं. मेसेज करता आला असता, पण ते बरोबर वाटलं नाही. मी काकूंना विचारलं, काकू म्हणाल्या, "इथेच ये. नेहमीसारखा लाव." मी पोळपाटावर लॅपटॉप ठेवला. नऊ वाजले. कॉल लागला.

मी तोंड उघडायच्या आत ओक्साना चालायला लागली होती. कॅमेरा भिंतीकडे. तिनं हँडल दाखवलं. "हँडल खाली आहे, मिस्टर काका," ती म्हणाली. आणि उत्तराची वाट बघत थांबली.

मागे जनरेटर चालू होता. कुणीतरी चाक फिरवत होतं. माझ्या शेजारची खुर्ची रिकामी होती, आणि तिला ती दिसत नव्हती, कारण तिनं फोन अजून स्विचवरच धरला होता.

मी म्हटलं, "बघितलं, ओक्साना." या वेळी मी खरंच बघितलं होतं. मग तिला सांगितलं.

तिनं जनरेटर बंद करायला सांगितला नाही. चाक तेवढं थांबवलं. तिच्या मागच्या बायका एकेक करून कॅमेऱ्यासमोर आल्या आणि काकूंना काहीतरी म्हणाल्या. काकूंना त्यांची भाषा कळली नाही. काकू त्यांना मराठीत म्हणाल्या, "जपून राहा गं."

काकांची मैत्री सांगायला इथे माझ्याहून जवळची माणसं बसली आहेत. मला फक्त हे सांगायचं होतं की आपण ज्या गोष्टीवर हसायचो, ते टेस्टर, त्या वायरी, ती कटकट, तो त्यांचा स्वभाव नव्हता. एका माणसाची आठवण होती ती. पन्नास वर्षं ते रोज ती चाळीस पावलं चालत होते.

तुमच्या गॅरेजमध्ये जनरेटर असेल तर आज घरी जाऊन तो कसा जोडलाय ते बघा. नवऱ्याला विचारू नका, बायकोला विचारू नका. बघा.

आणि आता आपण दोन मिनिटं उभं राहू. काकांसाठी. तुकारामसाठी. मिकोलासाठी, जो आज, या क्षणीही, कदाचित एखाद्या खांबावर असेल.

काका, ब्रेकर उडाला तेव्हा बाकी सगळे टॉर्च शोधत होते आणि मी तळघरात गेले. पॅनल जिन्याच्या मागे आहे. दोन्ही किटल्या आता वेगवेगळ्या भिंतींना आहेत. मी कुणाला विचारलं नाही, काका. मी जाऊन बघून आले.